सोसायटीचे पणजोबा : एबेनेझर हॉवर्ड

स्मरणिका समितीने माझ्याकडे एका थोर व्यक्तीचा परिचय मागितला. संत, क्रांतिकारक, गायक अशी काही नावेही सुचवली. पण रौप्यमहोत्सव सोसायटीचा आहे, तेव्हा माणूसही सोसायटीच्याच गोत्रातला असावा असे माझ्या मनात आले. मी निवडलेले नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही, पण जगभरच्या आर्किटेक्चर आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांना ते शिकावेच लागते. सर एबेनेझर हॉवर्ड. जन्म लंडनमध्ये, 29 जानेवारी 1850. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. धंदा शॉर्टहँडचा, म्हणजे आपल्या भाषेत स्टेनो. आर्किटेक्ट नाही, इंजिनिअर नाही, वकील नाही, जमीनदार तर नाहीच नाही. तरी इंग्लंडात दोन अख्खी गावे या माणसाच्या खटपटीने वसली.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती अमेरिकेत. माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिथे घर घेतले की होमओनर्स असोसिएशनचे सभासदत्व घराबरोबरच गळ्यात पडते. दरमहा वर्गणी, दाराचा रंग कोणता असावा, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर ठेवावा, सगळे लेखी. त्या नियमांचे जाडजूड बाड तिच्या कपाटात पडून होते. आयुष्यभर गहाणखते वाचण्यात गेले असल्यामुळे मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. (मुलीने ते उघडलेही नव्हते, हे ओघाने आलेच.) मग ही असोसिएशनची भानगड मुळात आली कुठून, म्हणून तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत जाऊन बसलो. पुस्तकांमागून पुस्तके चाळली आणि माग निघाला तो थेट या लंडनच्या स्टेनोच्या घरापर्यंत.

हॉवर्ड यांच्या वडिलांची मिठाई-बेकरीची दुकाने होती. मुलगा कारकून झाला, शॉर्टहँड स्वतःच शिकला. एकविसाव्या वर्षी दोन मित्रांबरोबर अमेरिकेत नेब्रास्काला जाऊन त्यांनी 160 एकर सरकारी जमीन घेतली आणि शेती सुरू केली. शेती एका हिवाळ्यात बुडाली. मग ते शिकागोला गेले आणि कोर्टाच्या कामकाजाची टिपणे घेऊ लागले. शिकागो नुकतेच 1871 च्या मोठ्या आगीत जळले होते आणि नव्याने बांधले जात होते. एक अख्खे शहर पाटी कोरी करून पुन्हा आखता येते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. 1876 मध्ये ते लंडनला परतले आणि पार्लमेंटच्या समित्यांचे कामकाज लिहून घेण्याच्या कामाला लागले. ते त्यांनी पुढे आयुष्यभर केले.

या कामाचा फायदा आपण लक्षात घ्यायला हवा. भाडेकरूंची दैना, खेडी ओस पडणे, जमिनीचे भाव, रेल्वे, पाणीपुरवठा, या सगळ्यांवर दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची भाषणे हा माणूस वर्षानुवर्षे शब्दन्‌शब्द उतरवून घेत होता. लंडनमधली चाळवस्ती वाईट आहे यावर सगळ्यांचे एकमत, आणि करायचे काय यावर कोणाचेच नाही, असा तो मामला. रात्री घरी येऊन ते स्वतःचा आराखडा लिहीत. पत्नी एलिझाबेथ, चार मुले, तुटपुंजी मिळकत. त्यातूनही पैसा जायचा तो शॉर्टहँडचे यंत्र बनवण्याच्या नादात. ते यंत्र काही शेवटपर्यंत नीट चालले नाही.

1898 मध्ये एका अमेरिकन मित्राने दिलेल्या 50 पौंडांवर पुस्तक छापून निघाले. 1902 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते ‘गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो’ या नावाने ओळखले जाते. पुस्तकातली बागा आणि वर्तुळाकार रस्त्यांची चित्रे सगळीकडे छापलेली दिसतात. मला मात्र हिशोबाच्या प्रकरणांनी पकडले. ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मेंटेनन्सच्या बिलाशी त्याचे नाते आहे.

शेतजमीन घ्यायची 6,000 एकर, एकरी 40 पौंडांनी. झाले 2,40,000 पौंड. ही रक्कम 4 टक्क्यांच्या कर्जरोख्यांवर उभी करायची. व्याज वर्षाला 9,600. त्याशिवाय मुद्दल फेडण्यासाठी सिंकिंग फंडात वर्षाला 4,400. बेरीज 14,000. गावात माणसे 32,000 बसवायची, म्हणजे जमिनीपोटी माणशी वर्षाला 8 शिलिंग 9 पेन्स पडतात. (पौंडाचे शिलिंग 20.) मी कॅल्क्युलेटर घेऊन ताळा पाहिला. वर्षाला 4,400 प्रमाणे 4 टक्के चक्रवाढीने 30 वर्षांत 2,40,000 च्या थोडे वरच जातात. म्हणजे तिसाव्या वर्षी जमीन कर्जमुक्त. त्यानंतर तेच भाडे शाळा, रस्ते आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनला मोकळे. शेतजमिनीवर शहर वसले की जमिनीची किंमत वाढते, आणि ती वाढ एका जमीनदाराच्या खिशात न जाता गावाच्या तिजोरीत राहते. सगळी योजना या एका गोष्टीवर उभी आहे. जमीन सर्वांची मिळून एक, घर ज्याचे त्याचे, आणि सामायिक खर्चासाठी नियमाने वर्गणी. आपल्या उपविधीत फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का वार्षिक सिंकिंग फंड सांगितला आहे, त्यावर दरवर्षी सभेत कुरकुर होते. हॉवर्ड त्या सभेत असते तर खजिनदारांच्या बाजूने उभे राहिले असते, एवढे मी खात्रीने सांगतो.

पुस्तक वाचून लोक हसले, पण काही भले लोक जमलेही. 1903 मध्ये फर्स्ट गार्डन सिटी लिमिटेड ही कंपनी निघाली. लंडनच्या उत्तरेला सुमारे 35 मैलांवर लेचवर्थ येथे पंधरा वेगवेगळ्या मालकांकडून 3,818 एकर जमीन 1,55,587 पौंडांना घेतली. लाभांशावर मर्यादा घातली, वर्षाला 5 टक्के, त्याहून एक पैसाही जास्त नाही. उरेल ते गावासाठी. आता बँकेतल्या माणसाला विचारा, असे शेअर कोण घेणार? खप कमीच झाला. पहिला लाभांश मिळायला 1913 उजाडले, आणि पूर्ण 5 टक्के मिळायला 1923.

पैशांची ओढाताण सुरू झाली की तत्त्वाला पहिली चिमटी बसते. हॉवर्ड यांचे म्हणणे होते की जमीन भाडेपट्ट्याने द्यावी आणि भाडे ठराविक वर्षांनी नव्याने ठरवावे, म्हणजे वाढलेली किंमत गावाला मिळत राहील. कारखानदार म्हणाले, पुढे भाडे किती होणार ते माहीत नसेल तर आम्ही येत नाही. संचालक मंडळ नमले आणि 99 वर्षांचे ठराविक भाड्याचे पट्टे देऊ लागले. मंडळात उद्योगपती आणि वकील होते. हॉवर्ड हेही एक संचालक होते, पण कारभार दुसऱ्यांच्या हाती. त्यांचा आदर सगळे करत, आणि ऐकत मात्र कमी. आपल्याकडेही संस्थापक सभासदांचे असेच होते, हार घालायला पुढे आणि ठरावाला मागे.

त्यातच 1904 च्या नोव्हेंबरमध्ये, लेचवर्थला बिऱ्हाड हलवायच्या बेतात असताना, एलिझाबेथ गेल्या. ज्या बाईने वीस-पंचवीस वर्षे ओढगस्तीत संसार करून या वेडाला साथ दिली, तिला त्या गावातले घर लाभले नाही. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले, ते फारसे सुखाचे झाले नाही असे चरित्रकार लिहितात. मी त्यात शिरत नाही.

लेचवर्थमध्ये रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या आर्किटेक्ट जोडीने रस्ते आणि घरे आखली. कामगारांची बरीच घरे सहकारी भाडेकरू-भागीदारी संस्थांनी बांधली. इमारतीची मालक संस्था, आणि संस्थेचे भागधारक तिथलेच भाडेकरू, अशी ती पद्धत. इंग्लंडातली हीच पद्धत नजरेसमोर ठेवून श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी केली. ताडदेवची तालमकीवाडी ज्यांच्या नावाने आहे तेच हे तालमकी. तेव्हा लेचवर्थ आणि आपण अगदीच परके नाही.

हॉवर्ड यांची आवडती गोष्ट निराळीच होती. लेचवर्थमध्ये त्यांच्या पुढाकाराने होम्सगार्थ नावाची वसाहत झाली. मधे अंगण, भोवती छोटी घरे, आणि सर्वांचे मिळून एक स्वयंपाकघर व जेवणघर. बायकांचा चुलीपुढचा वेळ वाचावा हा हेतू. 32 घरांचा बेत होता, बांधली गेली 16. हॉवर्ड स्वतः तिथे राहायला गेले. आमच्या सौ.ना मी हे वाचून दाखवले, तेव्हा सामायिक स्वयंपाकघरात मीठ कोणाच्या हातचे, एवढेच त्यांनी विचारले.

ते एस्परांतो शिकले होते. ही कृत्रिम विश्वभाषा बोलणारे लोक जमले की तीत भाषणही करत. अंगावर चुरगळलेला कोट, खिशात कागद, बोलायला उभे राहिले की मात्र आवाज खणखणीत, असे त्यांचे वर्णन सापडते.

पहिले महायुद्ध संपल्यावर सरकारी घरबांधणीच्या योजना सुरू झाल्या. हॉवर्ड यांच्या अनुयायांचे म्हणणे पडले की आता सरकारलाच गार्डन सिटी बांधायला लावू. म्हातारबोवांना धीर नव्हता. 1919 मध्ये वेल्विनजवळच्या एका लॉर्डच्या इस्टेटीचा लिलाव निघाला. हॉवर्ड 69 वर्षांचे होते. मित्रांकडून थोडे थोडे उसने जमवून ते लिलावाला गेले आणि 51,000 पौंडांना सुमारे दीड हजार एकर जमीन घेऊन मोकळे झाले. अनामत रकमेतही काही शे पौंड कमी पडले, ते त्यांच्या वतीने बोली लावणाऱ्या एजंटनेच भरले! असा कर्जदार माझ्या टेबलासमोर आला असता तर मी त्याला पाणी देऊन परत पाठवला असता. पण वेल्विन गार्डन सिटी उभी राहिली, आणि हॉवर्ड शेवटी तिथेच राहिले. 1927 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. 1 मे 1928 रोजी वेल्विनमध्येच त्यांचे निधन झाले. हजारो लोकांना घरे मिळवून देणाऱ्या या माणसाने मागे काही इस्टेट ठेवली नाही.

आता माझा खरा मुद्दा. व्याज, सिंकिंग फंड, भाडे यांचा हिशोब इतका चोख करणाऱ्या हॉवर्ड यांच्याकडून एक खाते मोकळे राहिले. मत कोणाला? पुस्तकात त्यांनी जमीन चार सचोटीच्या गृहस्थांच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवली होती आणि कारभार रहिवाशांच्या निवडलेल्या मंडळाकडे. प्रत्यक्षात लेचवर्थ कंपनीच्या हाती राहिले, आणि कंपनीत मत शेअरला असते. गावात राहणाऱ्याला, तो केवळ राहतो म्हणून, जमिनीच्या कारभारात मत नव्हते.

चांगली माणसे संचालक होती तोवर हे खुपले नाही. 1960 च्या अखेरीस लंडनच्या एका कंपनीने बहुसंख्य शेअर बाजारातून गोळा केले आणि हॉवर्ड यांचे गाव तिच्या ताब्यात गेले. सगळे अगदी कायदेशीर. मोकळ्या जागा, हिरवा पट्टा, वाढलेले भाडे, सगळ्यावर आता नफा बघणारा मालक आला. रहिवासी आणि स्थानिक कौन्सिल खडबडून जागे झाले, पार्लमेंटपर्यंत गेले आणि 1962 मध्ये लेचवर्थपुरता खास कायदा करून घेतला. 1963 पासून जमीन सार्वजनिक महामंडळाकडे गेली, पुढे 1995 मध्ये ती हेरिटेज फाउंडेशनकडे आली. गाव वाचले, पण पार्लमेंटचा कायदा होता म्हणून वाचले.

अमेरिकेत हीच गोष्ट निराळ्या वाटेने झाली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या आर्किटेक्टांनी इंग्लंडात येऊन हॉवर्ड यांची गावे पाहिली होती. त्यांनी न्यू जर्सीत फेअर लॉन येथे रॅडबर्न ही वसाहत आखली. हॉवर्ड गेल्यावर एका वर्षाने, 1929 मध्ये, तिथे पहिली बिऱ्हाडे आली. मोटारींचे रस्ते एका बाजूला, चालण्याच्या वाटा आणि बागा दुसऱ्या बाजूला, मुले रस्ता न ओलांडता शाळेत जातील अशी रचना. मी जावयांबरोबर जाऊन त्या वाटांवर चाललो आहे. अजूनही छान आहेत. मंदीत बांधणारी कंपनी बुडाली आणि 25,000 वस्तीच्या योजनेचा एक कोपराच पुरा झाला, पण तो कोपरा टिकला.

टिकला तो कागदपत्रांमुळे. चार्ल्स अ‍ॅशर या वकिलाने प्रत्येक घराच्या खरेदीखताला बंधने जोडली: बागांचा खर्च वर्गणीने द्यायचा, घराचे बाह्यरूप परवानगीशिवाय बदलायचे नाही, आणि हे सगळे रॅडबर्न असोसिएशन नावाची संस्था पाहणार. पुढच्या असंख्य होमओनर्स असोसिएशनना हा नमुना कित्त्यासारखा मिळाला. गंमत अशी की या असोसिएशनचे सभासद घरमालक नव्हते! सभासद म्हणजे आजी आणि माजी विश्वस्त. निवडणुकीत कोणाला उभे करायचे ते सभासदच ठरवणार, रहिवाशांनी त्या नावांवर शिक्का मारायचा. वर्गणी मात्र सगळ्यांनी भरायची. काही रहिवासी यावर कोर्टात गेले, तिथे हरले. मग ते राज्याच्या विधिमंडळाकडे गेले. न्यू जर्सीत कंडोमिनियमचा कायदा 1969 चा, नियोजित वसाहतींचा 1977 चा, पण दोन्हींत ही फट बुजलेली नव्हती. अखेर 2017 मध्ये दुरुस्ती झाली. तिला लोक रॅडबर्न कायदाच म्हणतात. आता त्या राज्यात प्रत्येक घरमालक असोसिएशनचा सभासद, त्याला मत, आणि मंडळासाठी स्वतःचे नाव स्वतः देण्याचा अधिकार. वसाहत वसल्यापासून 88 वर्षांनी!

हे वाचताना मला सारखी आपल्या सोसायटीच्या नोंदणीआधीची ती सभा आठवत होती. नव्या सभासदांना माहीत नसेल, पण तेव्हा आपल्यापुढे दोन वाटा होत्या. बिल्डरचा आग्रह होता की महाराष्ट्राच्या 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली कंडोमिनियम करा. त्यात प्रत्येकाच्या नावे फ्लॅटचे स्वतंत्र डीड होते, विकायला सोपे जाते, सरकारी कटकट कमी. हे खोटे नव्हते. पण त्या कायद्यात जमिनीतला प्रत्येकाचा अविभाज्य हिस्सा फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात टक्क्यांत ठरतो आणि मतही त्या टक्क्यांवर मोजले जाते. तळमजल्याचे सगळे गाळे आणि वरचे दोन मोठे फ्लॅट बिल्डरने स्वतःकडे ठेवले होते. त्यांची टक्केवारी मी पाठीमागच्या कागदावर मांडली आणि सभेत वाचून दाखवली. कोणत्याही ठरावाला तो एकटा जवळजवळ एक तृतीयांश भारी होता.

दुसरी वाट सहकारी सोसायटीची, 1960 च्या कायद्याखाली. तिथे कलम 27. एक सभासद, एक मत. शेअर कितीही असोत, फ्लॅट केवढाही असो. मोठ्या फ्लॅटवाल्यांपैकी दोघे म्हणाले, आम्ही सिंकिंग फंड जास्त भरणार तर मत सारखे का? प्रश्न वाजवी होता आणि चर्चा रात्री साडेअकरापर्यंत चालली. बी विंगच्या जिन्यातच बसलो होतो, वीज जोडणी पूर्ण नव्हती, दोन कंदील होते. शेवटी सोसायटीच्या अर्जावर सह्या घ्यायच्या ठरल्या. 40 पैकी 27 जणांनी त्या रात्री सही केली, मोठ्या फ्लॅटवाल्या त्या दोघांपैकी एकाने सुद्धा. त्या 27 मधले नऊ जण आज आपल्यात नाहीत. त्यांची नावे या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर, सह्यांच्या क्रमाने, छापली आहेत.